मार्लेश्वराच्या पायथ्याशी एक रात्र: मुक्काम, जेवण आणि डोंगर याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात मुक्काम म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येतो. इथली माहिती मात्र किनारा मागे टाकून सह्याद्रीच्या भिंतीला जाऊन टेकणाऱ्यांसाठी आहे. या भागात ताट आणि डोंगर वेगळे काढता येत नाहीत. आज घरात काय शिजणार हे बाजारापेक्षा वार आणि महिना जास्त ठरवतात. आधी कॅलेंडर बघा, मग बेत सांगा.

हा भाग नेमका कुठे येतो?

रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. तालुक्याचं मुख्य ठिकाण देवरुख. तिथून साधारण १८ किलोमीटरवर मारळ गावाच्या हद्दीत, सह्याद्रीच्या कड्यात मार्लेश्वराची, म्हणजे शंकराची, गुहा आहे. मुक्काम मारळ, आंगवली किंवा आसपासच्या वाड्यांमध्ये एखाद्या घरी होतो. आपल्याला लॉज हवा असेल तर देवरुखात राहा. ते सोयीचं आहे, पण मग पहाटेचा डोंगर आणि चुलीवरचं जेवण दोन्ही हुकतं.

पोचायचं कसं?

कोकण रेल्वेचं संगमेश्वर रोड हे जवळचं स्टेशन. इथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधी थांबा तपासा, नाहीतर रत्नागिरीला उतरून मागे यावं लागतं. स्टेशनवरून देवरुखला एसटी किंवा रिक्षा, आणि देवरुख आगारातून पुढे मार्लेश्वराची एसटी. शेवटची गाडी कधी सुटते ते यजमानांनाच विचारा. इंटरनेटवरचं वेळापत्रक आणि स्टँडवरची पाटी यांचं फारसं जमत नाही. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आंबा घाट उतरून साखरप्यावरून देवरुख गाठावं. पावसात घाटात धुकं दाट असतं, तेव्हा घाट दिवसाउजेडी उतरा.

एक रात्र पुरते का? किती वाजता यावं?

पुरते, दुपारी तीनच्या आत पोचलात तर. म्हणजे चहा घेऊन उजेडात वाडी, ग्रामदेवतेचं देऊळ आणि देवरहाटी (देवळाभोवतीचं राखलेलं रान) बघून होते, आठला जेवण, लवकर झोप. सकाळी सहाला डोंगराकडे निघायचं, नऊ-साडेनऊला परत येऊन न्याहारी. संध्याकाळी सातला पोचणाऱ्यांचा निम्मा मुक्काम अंधारात जातो, वर यजमानीणबाईंना तुमच्यासाठी चूल दुसऱ्यांदा पेटवावी लागते.

कोणत्या वारी यावं? कोंबडीवडे हवेत, आणि देवदर्शनही.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि इथेच सगळ्यांत जास्त गफलत होते. कोकणातल्या बहुतेक घरांत मांस-मच्छीचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार शंकराचा, त्या दिवशी शिवायचंच नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार घराप्रमाणे. त्यावर संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार आणि घरातल्या कुणाचे तरी उपवास.

शनिवार-रविवार येणाऱ्यांसाठी सरळ हिशेब असा: शनिवारी रात्री शाकाहारी जेवण, रविवारी सकाळी दर्शन, उतरल्यावर दुपारी कोंबडीवडे, मग परतीचा रस्ता. उलट क्रम, म्हणजे रात्री कोंबडी आणि सकाळी गुहा, कुणी अडवणार नाही; पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो रुचत नाही आणि ते बोलूनही दाखवत नाहीत. रविवारी मुक्काम करून सोमवारी दर्शन घेणार असाल तर कोंबडी रविवारी दुपारीच उरका.

गावठी कोंबडा हवा असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत सांगायचं. कोंबड्या दिवसभर परसात आणि रानात चरतात, दिवेलागणीला खुराड्यात शिरतात, तेव्हाच हव्या त्या कोंबड्याला धरता येतं. सकाळी दहाला फर्माईश केली तर देवरुखहून ब्रॉयलर येतो आणि पाहुणे ‘चव नाही’ म्हणतात. गावठी कोंबडा चुलीवर शिजायला दीड तास लागतो, जून असेल तर दोन. घाई करू नका.

जेवणात काय असतं?

महिन्यावर आहे.

पावसाच्या सुरुवातीला रानभाज्या. जूनमध्ये कोवळा टाकळा, मागोमाग भारंगी, फोडशी, कुर्डू. शेवळं मिळाली तर भाग्य समजा, पण ती खाजरी असतात. त्यांत आणि अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून चिंच, आमसूल किंवा काकडं (आंबट रानफळं) घालून नीट शिजवतात. भाजी खाऊन घसा खवखवला तर ती अर्धवट शिजलेली आहे किंवा आंबटात हात आखडला गेला आहे. भारंगी कडू असते, उकडून पाणी पिळून टाकतात, तरी थोडा कडवटपणा राहतो आणि तो राहायलाच हवा.

पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात. चवीला उत्तम, पण हे मासे अंडी घालायला वर चढत असतात. ‘खास माझ्यासाठी पकडून आणा’ असा हट्ट धरू नये हे आमचं मत. समुद्राची मासेमारी जून-जुलैत बंद असते. तेव्हा घराघरांत सुकं चालतं: सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा. इतर वेळीही ही किनाऱ्यापासून दूरची गावं आहेत, ताजा मासा बाजारातून येतो, दारात पकडलेला नसतो. सुरमईसाठी इथे येऊ नका.

श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानातले पातोळे, अळूवडी, मोदक. दिवाळीच्या सुमाराला भात कापणी होते आणि नव्या तांदळाचा मऊ भात, मेतकूट, तूप मिळतं. नवा तांदूळ चिकट, त्याची भाकरी करणारणीची परीक्षा बघते. थंडीत कुळथाचं पिठलं रोजचंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळ्या फणसाची भाजी, मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ, मे महिन्यात बरक्या फणसाची सांदणं. ओले काजू सोलायला हौसेने बसाल तर हातांना खोबरेल चोळून बसा. सालीतलं तेल कातडी भाजतं आणि डाग आठवडाभर जात नाहीत.

न्याहारीला घावणे. तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ भिजवून तापलेल्या बिडाच्या तव्यावर बाहेरून आत ओततात. सोबत ओल्या नारळाची चटणी किंवा गूळ घातलेला नारळाचा रस.

वडे शिकता येतील का? घरी केले की फुगत नाहीत.

येतील, पण पीठ आयत्या वेळी होत नाही. पिठाचं एक चालणारं प्रमाण: जाडा तांदूळ १ किलो, उडीदडाळ पाव किलो, हरभराडाळ १०० ग्रॅम, गहू १०० ग्रॅम, धणे २ मोठे चमचे, मेथी आणि बडीशेप प्रत्येकी १ चमचा. तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा आणि सगळं एकत्र जरा रवाळ दळायचं. दर घराचं माप वेगळं असतं आणि प्रत्येकीचं तेच खरं असतं.

चौघांना अर्धा किलो पीठ घ्या, वीसेक वडे होतात. मीठ, हळद, चमचाभर कडकडीत तेल घालून कोमट पाण्याने भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट मळायचं आणि दोन-तीन तास झाकून ठेवायचं. लिंबाएवढा गोळा तेल लावलेल्या केळीच्या पानावर थापायचा, पुरीपेक्षा जाड.

फुगत नाही त्याची कारणं ठरलेली. पीठ फार बारीक दळलं तर वडा चिवट होतो. पातळ थापला की कडक पापडी होते. कडा चिरलेल्या असतील तर वाफ तिथून निसटते. पाण्याचा हात लावून कडा सारख्या करा. तेल कोमट असेल तर वडा तेल पितो आणि तळाशी बसतो. पिठाचा कण टाकल्यावर तो लगेच वर यायला हवा. आणि वडा वर आला की झाऱ्याने त्यावर तेल उडवायचं, दाबायचं नाही.

सोलकढी फाटते, किंवा खारट होते. का?

फाटते ती तापवल्यामुळे. सोलकढी उकळत नाहीत. चौघांसाठी एक मध्यम नारळ, ८ ते १० आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलेली, एक हिरवी मिरची, लसणीच्या दोन पाकळ्या. नारळाचं पहिलं दूध घट्ट, दुसरं पातळ, दोन्ही गार झाल्यावरच आमसुलाचं पाणी घालायचं. जेवणाच्या अर्धा तास आधी करा. सकाळची कढी रात्री दिली तर वर चोथा आणि खाली पाणी दिसतं.

खारट होते ती आगळामुळे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसामुळे. आगळात मीठ आधीच भरपूर असतं. त्यात आमसुलाच्या सवयीने मीठ टाकलं की संपलं. कोकम सरबताचा गोड पाक वापरून कढी करणारेही भेटतात; त्यावर उपाय नाही.

कांदा-लसूण चालत नाही. जमेल का?

सहज. कुळथाचं पिठलं लसणीऐवजी हिंग-जिऱ्याच्या फोडणीने होतं, आमटीत आमसूल-गूळ असतोच, सोलकढी जिरं घालून करतात. जैन पाहुण्यांनी कंदमुळांचं वेगळं सांगावं. नारळाची ॲलर्जी मात्र गंभीरपणे कळवा, दोनदा कळवा. इथे नारळ वगळणं म्हणजे जवळजवळ संपूर्ण स्वयंपाक वेगळा करणं आहे. काजूचंही तसंच.

डोंगर किती चढायचा?

गाडी पायथ्यापर्यंत जाते. पुढे पाचशेच्या वर पायऱ्या. सावकाश चढलं तर अर्धा ते पाऊण तास. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, काठी घ्या. पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळाच्या चपला आणि नवे स्पोर्ट्स शूज सारखेच घसरतात, खाच असलेले रबरी सँडल बरे. वाटेत माकडं असतात. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका, पाठीवरच्या सॅकमध्ये घाला.

वयस्कर मंडळींना पायथ्याशी थांबवायचं असेल तर आधी ठरवा. निम्म्यावर बसवून पुढे गेलं की दोघांचंही लक्ष दर्शनात राहत नाही.

गुहेत खरंच साप असतात? आत काय पाळायचं?

असतात, दिसतीलच असं नाही. गुहेत विजेचे दिवे लावलेले नाहीत, समयांच्या उजेडात दर्शन होतं. शिवलिंगं दोन: मार्लेश्वर आणि मल्लिकार्जुन. कपारींमध्ये साप राहतात, ते देवाचे मानले जातात आणि त्यांना कुणी त्रास देत नाही. तुम्हीही देऊ नका. भिंतीला हात टेकवू नका, कपारीत बोट घालू नका, मोबाइलचा टॉर्च किंवा फ्लॅश मारू नका. डोळे सरावायला मिनिटभर लागतं. तेवढं उभं राहिलात तर सगळं दिसतं. दूध घेऊन जाणाऱ्यांसाठी: साप दूध पीत नाहीत. अभिषेकाचं असेल तर पुजाऱ्यांकडे द्या. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवर ठेवलेलं बरं.

मार्लेश्वराचं लग्न कधी असतं? त्या वेळी मुक्काम मिळेल?

मकरसंक्रांतीला. साखरप्याची गिरिजादेवी ही नवरी. तिची पालखी डोंगरावर येते. आंगवलीच्या मठातूनही पालखी निघते. मुलगी बघण्यापासून हळद आणि मंगलाष्टकांपर्यंत सगळे विधी रीतसर होतात, मानकऱ्यांचा मान ठरलेला असतो. या विवाहाला कल्याणविधी म्हणतात. जेवण अर्थात शाकाहारी.

मुक्काम मिळणं कठीण. घराघरांत नातेवाईक आलेले असतात आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. सोहळाच बघायचा असेल तर देवरुखात राहून एसटीने या. डोंगर शांतपणे बघायचा असेल तर हे दिवस, महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळा. नोव्हेंबर-डिसेंबरमधला आडवार सर्वांत उत्तम: हवा गार, वाट कोरडी, ओढ्यांना अजून पाणी.

देवरहाटी, राखणदार, गाऱ्हाणं… हे काय असतं आणि पाहुण्याने काय करायचं?

मार्लेश्वर मोठा देव. पण गावाचा रोजचा कारभार ग्रामदेवतेच्या हाती असतो, आणि शिवेवर राखणदार. देवळाभोवती राखलेलं रान म्हणजे देवरहाटी. सातबाऱ्यावरही काही ठिकाणी हीच नोंद सापडते. आत बेहडा, सातवीण, किंजळ, ऐन अशी जुनी झाडं आणि त्यांवर मनगटाएवढ्या वेली. इथली वाळकी काटकीसुद्धा जळणाला नेत नाहीत. पाहुण्यांनी फूल, बी, दगड, काही उचलू नये. लघवीला तर अजिबात जाऊ नये. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने मांडलेली विनंती. गुरव किंवा मानकरी बोलतात, जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. तुमच्या नावाने घालायचं असेल तर नारळ द्या आणि मागे उभे राहा. साथ मनापासून द्या. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, आणि कौल लावत असताना, म्हणजे देवाचा होकार-नकार विचारत असताना, विचारूही नका.

राखणदाराला वर्षातून एकदा राखण देतात, नारळ आणि कोंबडा. वर गुहेतला देव शाकाहारी आणि खाली शिवेवरचा कोंबडा घेणारा, यात गावाला काहीच विसंगत वाटत नाही. राखणीचं जेवण रानातच शिजतं, रानातच संपवतात, काही गावांत घरी आणत नाहीत. कोण जेवतं याचेही रिवाज आहेत. बोलावलं तर जा, बोलावलं नाही तर रुसू नका.

पाळी चालू असेल तर?

घराघराचा रिवाज वेगळा. काही घरांत कुणी विचारतही नाही, काहींत देवघर आणि स्वयंपाकघर टाळायला सांगतात. बुकिंगच्या वेळी घरातल्या वहिनींशी किंवा काकूंशी बोलून घ्या. आयत्या वेळी चुलीपाशी ही चर्चा दोघींनाही अवघड जाते.

धबधब्याखाली जाता येईल?

मार्लेश्वराजवळचा धारेश्वर पावसाळ्यात फार जोरात असतो. लांबून बघा. पाणलोट वरच्या कड्यावर आहे. खाली ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो. पाणी गढूळ होऊन पाचोळा वाहून यायला लागला, किंवा आवाज बदलला, की मोबाइल, चपला सोडून आधी काठावर या. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार असेल तर मुक्कामच पुढे ढकला. दरड पडली की रस्ता बंद होतो. जळवांसाठी मीठ किंवा हळद-तेल जवळ ठेवा, ओढून काढू नका.

साप-विंचू चावला तर?

फुरसं, मण्यार, घोणस, नाग हे चारही कोकणात आहेत. रात्री अंगणात बॅटरीशिवाय जाऊ नका, सकाळी बूट झटकून घाला, जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावल्यास अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका. करकचून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. १०८ ला फोन करा. जवळचं ठिकाण देवरुखचं ग्रामीण रुग्णालय. निघतानाच फोन करून सापाच्या विषावरचं प्रतिविष आहे का ते विचारायला घरातल्या एकाला सांगा.

लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेतू शकतो. घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून यातले मृत्यू फार घटले, पण औषध डॉक्टरनेच द्यायचं असतं.

शिमग्याला किंवा गणपतीत येऊ का?

शिमग्याला पालखी घरोघर फिरते, नाचवतात, बघण्यासारखी असते. पण दोन्ही सणांना मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, खोली रिकामी नसते आणि कोकण रेल्वेची तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात. ओळखीचं घर असेल तरच या.

सोयी कशा असतात? दारू चालेल?

संडास-बाथरूम बहुतेक ठिकाणी आहेत, कमोड आहे का ते विचारा. आंघोळीचं पाणी बंबात तापतं. एप्रिल-मेमध्ये पायथ्याच्या वाड्यांना पाणीटंचाई असते, बादली मोजून मिळाली तर कुरकूर नको. वीज जाते. रेंज अंगणातल्या एखाद्या कोपऱ्यातच येते, म्हणून फोनपेवर विसंबू नका, रोख आणा. दारू नाही.

ठरवताना यजमानांना काय विचारावं?

दर माणशी आहे की खोलीचा, त्यात किती जेवणं, मांसाहाराचे वेगळे किती, मुलांचं कसं, रद्द केल्यास काय. कोंबड्याचे पैसे नगावर असतात, ताटावर नाही; चौघांचा गट असेल तर परवडतं, दोघांना महाग पडतं. राज्याच्या निवास-न्याहारी योजनेत किंवा २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का तेही विचारा. नसली म्हणजे घर वाईट असं नाही, पण असली तर तक्रारीला जागा असते. सोबत परदेशी पाहुणा असेल तर यजमानांना २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते (पूर्वी यासाठी फॉर्म सी होता), त्यांना आधी सांगा.

परत नेताना काय घ्यावं?

कुळथाचं पीठ, आमसुलं, आगळ, उन्हाळ्यात फणसाची साठं. पीठ भाजलेल्या कुळथाचं असेल तर पिठलं खमंग होतं; वास घेऊन बघा. चौघांना अर्धी वाटी पीठ आणि तीन वाट्या पाणी, आधी गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आमसुलं काळपट आणि लवचीक हवीत. कडक, भुरकी दिसली तर जुनी. पांढरे कण दिसले तर ते बहुधा मीठ असतं, बुरशी कापसासारखी लोंबते आणि कुबट वास येतो. बरणी कोरडी ठेवा, ओला चमचा घालू नका, वर्षभर टिकतात.